मूळचे कुठले?

२० एप्रिल २००५ रोजी हैदराबादहून एक फुगा आकाशात गेला. फुगा म्हटलं की जत्रेतला डोळ्यांपुढे येतो, म्हणून आकडा सांगते : आकारमान २ कोटी ६७ लाख घनफूट. अंगाने नाजूक, पातळ पॉलिथिनचा. पोटात हायड्रोजन. खाली लोंबकळणारं सामान ४५९ किलोंचं. त्यात ३८ किलो द्रवरूप निऑन आणि त्या निऑनमध्ये बुडवून ठेवलेल्या स्टेनलेस स्टीलच्या १६ नळ्या. नळ्या आतून निर्जंतुक केलेल्या, निर्वात केलेल्या. एवढा सरंजाम कशासाठी, तर जमिनीपासून २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा भरून आणण्यासाठी.

“हवा आणायला गेले होते?” हे ऐकून माझी आत्या म्हणाली. “कठीण आहे बाई!”

कठीण होतंच. ४१ किलोमीटरवर हवेचा दाब आपल्या अंगणातल्या दाबाच्या तीनशेव्या हिश्श्याहूनही कमी. तिथे बाटलीचं बूच उघडलं तर बाटलीत येणार काय? म्हणून ते निऑन. ते उणे २४६ अंश सेल्सिअसला उकळतं. एवढ्या थंडीत बुडालेल्या नळीची झडप उघडली की बाहेरची विरळ हवा आत शिरते आणि शिरल्या शिरल्या आतल्या भिंतीवर गोठून बसते. ती बसली की मागून येणारीला जागा. मोटार नाही, पंप नाही, थंडीच हवा ओढून घेते. मग झडप बंद, आणि काम झालं की सगळं बिऱ्हाड पॅराशूटने खाली.

हे फुगे सोडायचं केंद्र टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं, म्हणजे टीआयएफआरचं. आहे आमच्या ईसीआयएल कारखान्याच्या बाजूला. हैदराबादेत जन्म काढलेल्यांनाही ते ठाऊक नसतं. याच शहरातून कित्येक वर्षं असे फुगे आकाशात जातात असं सांगितलं की लोक मान डोलावतात आणि विषय संक्रांतीच्या पतंगांकडे नेतात.

त्या नळ्यांतून शोधायचे होते जीव. साधेसुधे नव्हेत, पृथ्वीबाहेरून येत असतील तर येणारे. प्रयोगाचे प्रमुख होते जयंत नारळीकर. कोल्हापुरात जन्मलेले, बनारसला वाढलेले, केंब्रिजला शिकलेले आणि पुण्यात आयुका ही खगोलसंशोधनाची संस्था उभी करून तिथलेच झालेले. मार्गदर्शक म्हणून इस्रोचे यू. आर. राव आणि हैदराबादच्या सीसीएमबी या पेशीसंशोधन संस्थेचे संस्थापक पुष्प भार्गव. एकजण उपग्रहवाला, एकजण पेशीवाला, एकजण विश्वरचनावाला. सूक्ष्मजंतूच्या शोधाला निघालेली मंडळी खरं म्हणजे किती वेगवेगळ्या दिशांनी आली होती!

आता या शोधामागचा विचार. पृथ्वीचं वय साधारण ४५४ कोटी वर्षं. जीवसृष्टीच्या खुणा ३५० कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांतसुद्धा सापडतात. म्हणजे घर बांधून रंग वाळतो न वाळतो तोच बिऱ्हाड हजर. मग शंका येणारच की हे बिऱ्हाड इथलंच, की बाहेरून आलंय?

मराठी माणसाला ही शंका नवी नाही. नवीन ओळख झाली की तिसऱ्या वाक्याला तो विचारतो, “तुम्ही मूळचे कुठले?” हैदराबादेतल्या मराठी माणसाला तर हा प्रश्न दोन्हीकडून येतो. पुण्यात गेलं की “हैदराबाद? पण मूळचे?” आणि काचीगुड्यातली तेलुगू शेजारीण तीस वर्षांच्या शेजारानंतरही दिवाळीला विचारते, “गावी जाणार ना?” माझे आजोबा परभणीकडचे. निजामाच्या राज्यात परभणीहून राजधानीत नोकरीला आले, म्हणजे राज्याबाहेर पाऊलही टाकलं नाही. पुढे १ नोव्हेंबर १९५६ ला राज्याचे तीन वाटे झाले. आम्ही होतो तिथेच राहिलो, परभणी मुंबई राज्यात गेली. आता सांगा, स्थलांतर कोणी केलं? आत्याला असं विचारलं की ती म्हणते, “आपण मूळचे सज्जनगडाकडचे.” तिच्याही मागे कोणीतरी होतंच, पण एका ठिकाणी थांबावं लागतं.

जीवसृष्टी अंतराळातून आली या मताला नेमका हाच आक्षेप घेतात. विख्यात लॉर्ड केल्विन यांनी १८७१ साली एडिंबरोच्या भाषणात म्हटलं होतं की उल्कांच्या पाठीवर बसून जीवनाची बीजं इकडे आली असतील. नंतर स्वीडनचे अऱ्हेनियस म्हणाले, उल्का कशाला, प्रकाशाच्या दाबानेच बीजाणू ग्रहाग्रहांत वाहत जातील. १९७३ साली तर डीएनएवाले फ्रान्सिस क्रिक आणि लेस्ली ऑर्गेल यांनी मांडलं की कुणी प्रगत लोकांनी यानात घालून मुद्दाम जंतू पाठवले असणंही शक्य आहे. म्हणजे विश्वाच्या टपालाने आलेलं पार्सल. पण प्रत्येक वेळी शहाणा श्रोता हेच विचारतो की बरं, ते जिथून आले तिथे कुठून आले? पत्ता बदलला, प्रश्न तोच.

या प्रश्नाचं मला सर्वांत आवडणारं उत्तर फ्रेड हॉईल यांचं. हॉईल म्हणजे नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू. त्यांच्या स्थिर-स्थिती सिद्धान्तात विश्वाला सुरुवातच नव्हती. महास्फोटाला इंग्रजीत जे नाव आज सर्रास वापरतात ते १९४९ मध्ये बीबीसीवर बोलताना त्यांनीच दिलं, आणि तो सिद्धान्त स्वतः मात्र कधीच मानला नाही. विश्वाला सुरुवात नाही म्हटलं की जीवनालाही सुरुवातीची गरज उरत नाही. ते कुठे ना कुठे कायमच होतं. मूळ गाव विचारणाऱ्याला “मूळ असं नाहीच, आम्ही पूर्वीपासून फिरतेच” असं सांगून गप्प करण्यासारखं. उत्तर पटो न पटो, बाणेदार आहे.

हॉईल आणि त्यांचे दुसरे शिष्य, कोलंबोचे चंद्रा विक्रमसिंगे, यांनी १९७०च्या दशकात हे मत पुढे नेलं. ताऱ्यांमधल्या धुळीत जीवद्रव्य आहे, धूमकेतू त्याचे वाहक आहेत, इथपर्यंत ऐकणारे माना हलवत होते. मग १९७९ मध्ये त्यांनी म्हटलं की साथीचे रोगही आकाशातून उतरतात, फ्लूसुद्धा. माणसाच्या नाकपुड्या खाली उघडतात त्या वरून पडणाऱ्या जंतूंपासून बचाव व्हावा म्हणून, असंही त्यांनी सुचवलं. हे वाचल्यावर मी आरशात नाक पाहून आले. युक्तिवादात दम असेल-नसेल, पाऊस पडताना नाकपुड्या वर नाहीत याबद्दल बरं मात्र वाटलं.

तर या मताची परीक्षा घ्यायची कशी? हॉईल-विक्रमसिंगे पुस्तकं लिहीत होते. नारळीकरांचा स्वभाव निराळा. ते म्हणाले, वर जाऊन बघू या. ढग, वादळं, धूळ यांचा कारभार खालच्या थरात चालतो; आमच्या अक्षांशावर तो साधारण १६-१७ किलोमीटरपर्यंत पोचतो. त्याच्या वर हवा फारशी ढवळत नाही. ४१ किलोमीटरवर जंतू मिळाले तर ते खालून चढले असण्यापेक्षा वरून उतरत असण्याची शक्यता जास्त, असा तो तर्क. पहिला फुगा हैदराबादहूनच २१ जानेवारी २००१ ला गेला. त्याचे नमुने कार्डिफला गेले आणि त्यात जिवंत पेशींचे पुंजके दिसल्याचं जुलै २००१ मध्ये जाहीर झालं. कार्डिफच्या मंडळींनी हिशेबही मांडला की पृथ्वीवर रोज टनाचा तिसरा हिस्सा जीवद्रव्य उतरत असावं. हॉईल तेव्हा हयात होते. महिन्याभरात, २० ऑगस्टला ते गेले.

त्याच नमुन्यांतून शेफिल्डच्या मिल्टन वेनराइट यांनी दोन जिवाणू आणि एक बुरशी वाढवली आणि २००३ मध्ये प्रसिद्ध केली. ती तिन्ही पृथ्वीवर माहीत असलेल्या जातींची निघाली. यावर दोन्ही बाजूंना आनंद झाला हे विशेष. विरोधक म्हणाले, बघा, प्रयोगशाळेतलीच घाण आहे. समर्थक म्हणाले, बघा, वरून सतत येत असतात म्हणून तर इथे ओळखीचे आहेत! ज्या युक्तिवादाला कुठलाही पुरावा चालतो त्याच्यापासून मी जरा लांब उभी राहते. घरात एक आत्या पुरे.

म्हणून २००५चा फुगा. या वेळी नमुन्यांचे दोन वाटे केले. एक हब्शीगुड्याच्या सीसीएमबीत एस. शिवाजी यांच्याकडे, दुसरा पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात योगेश शौचे यांच्याकडे. शिवाजी म्हणजे अंटार्क्टिकाच्या बर्फातले जिवाणू हुडकणारे. थंडीतल्या चिवट जिवांशी त्यांचा जुना परिचय. दोन शहरं, दोन प्रयोगशाळा, एकमेकांवर नजर. माहेर-सासर दोन्हीकडून चौकशी झाल्याशिवाय सोयरीक पक्की करायची नाही, ही रीत इथेही पाळली गेली याचं मला समाधान आहे.

चार वर्षांनी, मार्च २००९ मध्ये इस्रोने निकाल जाहीर केला. एकूण १२ जिवाणूंच्या आणि ६ बुरशींच्या वसाहती सापडल्या. बारांपैकी नऊ पृथ्वीवरच्या माहीत जातींशी ९८ टक्क्यांहून जास्त जुळत होत्या. उरलेले तीन नवीन, पूर्वी कुठे नोंदले न गेलेले. तिघांचाही एक गुण लक्षात आला : अतिनील किरणांचा मारा ते आपल्या जवळच्या नातेवाइकांपेक्षा चांगला सोसत. ओझोनच्या छपराजवळ आणि त्याच्याही वर राहणाऱ्याला हा गुण उपयोगाचा, हे कबूल. मग बारसं झालं. एकाला हॉईल यांचं नाव मिळालं, जॅनिबॅक्टर हॉयलेई. दुसऱ्याला इस्रोचं, बॅसिलस इस्रोनेन्सिस. तिसऱ्याला आर्यभटाचं, बॅसिलस आर्यभट्टाय. कुसुमपुराच्या त्या गणितज्ञाला पृथ्वी फिरते हे दीड हजार वर्षांपूर्वी सांगितल्याचं बक्षीस म्हणून जिवाणू मिळाला.

आता यापुढचा भाग मला खरा महत्त्वाचा वाटतो. एवढा खटाटोप करून, नवे जीव हातात असताना, या मंडळींनी काय जाहीर केलं? की हे जिवाणू पृथ्वीबाहेरून आले असं या अभ्यासाने निर्णायकपणे सिद्ध होत नाही. पुढे काम करायला उत्तेजन मिळतं, एवढंच. शोधनिबंधाचं शीर्षक पाहावं. त्यात जिवाणू ‘आकाशात सापडले’ असं नाही. ते ‘वरच्या वातावरणातली हवा गोळा करण्यासाठी वापरलेल्या नळ्यांतून’ मिळाले असं आहे. नळीत सापडलं तर नळीतच म्हणायचं. आमच्याकडे शेजारच्या गल्लीत कुणी पाहिलेल्या चोराची उंची आमच्या गल्लीत येईपर्यंत हातभर वाढते. इथे एकेचाळीस किलोमीटर खाली येऊनही गोष्ट तसूभर वाढली नाही.

नारळीकर त्याच सुमारास आणखी एका परीक्षेत गुंतले होते. त्यांनी सहकाऱ्यांसह हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या कुंडल्या मिसळून ज्योतिषांना दिल्या, प्रत्येकाला ४०, आणि कुठली कुणाची ते ओळखायला सांगितलं. निकाल छापा-काट्याहून सरस लागला नाही. तो निबंधही २००९ च्या मार्चमध्येच छापून आला. ज्योतिषांना जी पट्टी लावली तीच स्वतःच्या लाडक्या मताला लावणारा माणूस दुर्मीळ. आणि हे मत त्यांचं लाडकं होतं, गुरूकडून आलेलं होतं. त्यांच्या कथालेखनाची सुरुवातही अशीच. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी पहिली विज्ञानकथा पाठवली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने; आद्याक्षरं उलटी केलेली, आणि अक्षर ओळखू नये म्हणून पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतलेली. कथा कुठून आली हे कळू न देता पारखली जावी, एवढाच हेतू. पहिलं बक्षीस मिळालं.

जिवाणूंचं पुढे काय झालं? इथे गंमत सुरू होते. आर्यभट्टाय एकदा नोंदला गेल्यावर तो ठिकठिकाणी दिसू लागला. मध्य भारतात सोयाबीनच्या मुळांजवळच्या मातीत सापडला. तिथे तो पिकाला जस्त मिळवून देण्याचं काम करत होता. ब्राझीलच्या कोरड्या प्रदेशात निवडुंगाच्या मुळाशी सापडला आणि तिथल्या सरकारी कृषी संशोधन संस्थेने त्याच्यापासून मक्याला अवर्षण सोसायला मदत करणारं जैविक औषध काढलं. पावणेतीन कोटी घनफुटांचा फुगा आणि ३८ किलो निऑन लावून ज्याला वरून आणला तो सोयाबीनच्या वावरात आधीच कामाला होता! पुढे कुणी त्याचा सगळा जनुकसंच तपासून म्हटलं की हा वेगळा नव्हेच, १८८४ पासून माहीत असलेल्या मेगाटेरियमचाच हा भाऊ. इस्रोनेन्सिसचंही गोत्र बदललं. त्याला आता मातीत राहणाऱ्या जिवाणूंच्या घरात दत्तक दिलंय. हॉयलेई तेवढा आपलं नाव राखून आहे. गुरूला शोभेसा हेकट.

यावरून मत खोटं ठरलं का? नाही. मातीतला जिवाणू एवढ्या उंचीवर पोचला कसा, हे तरी कुणी कुठे सांगितलंय? तो नळीला खालूनच चिकटला असेल तर गोष्ट वेगळी. त्याचा निवाडा करायला नारळीकरांच्या मनात आणखी एक कसोटी होती : या पेशींतल्या कार्बनसारख्या मूलद्रव्यांच्या समस्थानिकांचं प्रमाण मोजायचं. पृथ्वीवर वाढलेल्या जिवाचं ते एका ठरावीक मर्यादेत असतं. दुसरीकडे वाढलेल्याचं वेगळं असू शकतं. नाव बदलता येतं, राहणी बदलता येते, ज्या मातीपाण्यावर पिंड पोसला त्याची खूण सहज पुसता येत नाही. मात्र जिवाणू प्रयोगशाळेत वाढवला की तो प्रयोगशाळेचं अन्न खाऊन इथलाच होतो. चार पिढ्या हैदराबादेत काढल्यावर वरणात चिंच पडू लागते, तसलाच प्रकार.

बाकी जगात उलट्या दिशेने बरंच घडलं. २००१ मध्ये केरळात कोट्टयमला तांबडा पाऊस पडला तेव्हा दोघा अभ्यासकांनी तो परग्रहावरच्या पेशींचा म्हटला. तपासाअंती ते झाडांवर वाढणाऱ्या शेवाळाचे बीजाणू ठरले. जपानने रयुगू लघुग्रहावरची माती २०२० मध्ये आणली. तिच्या एका कणावर पुढे जंतू वाढताना दिसले. २०२४ मध्ये इंग्लंडच्या अभ्यासकांनी दाखवलं की ते इथलेच, कण इथे आल्यावर त्याच्यावर बसलेले. कोट्यवधी वर्षं निर्मळ राहिलेला खडा, आणि पृथ्वीवर पाऊल ठेवताच आपल्या जंतूंनी कब्जा केला! बेन्नू लघुग्रहाच्या मातीत मात्र २०२५ च्या जानेवारीत जाहीर झाल्याप्रमाणे १४ अमिनो आम्लं आणि आनुवंशिक लिपीची पाचही मूलाक्षरं मिळाली. कच्चा माल वरून येऊ शकतो हे आता फारसं कुणी नाकारत नाही. जीव वरून आला, याला अजून कुणाची सही नाही.

राव आणि भार्गव २०१७ मध्ये गेले, आठ दिवसांच्या अंतराने. नारळीकर २० मे २०२५ रोजी पुण्यात गेले. फुगे मात्र चालू आहेत. थंडीच्या मोसमात टीआयएफआरचं निवेदन निघतं : फुग्याची उपकरणं रंगीत पॅराशूटने उतरतील, विशाखापट्टणम-हैदराबाद-सोलापूर या पट्ट्यात कुठेही, कुणी हात लावू नये, पोलिसांना कळवावं, कळवणाऱ्याला बक्षीस. तरीही दरवेळी धांदल उडतेच. डिसेंबर २०२२ मध्ये विकाराबाद जिल्ह्यात एका शेतात भलामोठा गोलसर डबा उतरला. लोक जमले, फोटो निघाले, परग्रहवासीयांची वाट पाहिली गेली. तो एका स्पॅनिश कंपनीचा, प्रवाशांना उंचावर न्यायच्या योजनेतला चाचणीचा डबा निघाला. माणसं आत नव्हती.

जानेवारी २०२५ मध्ये बिदर जिल्ह्यातल्या हुमनाबाद तालुक्यात, जलसंगी गावात, एक फुगा पहाटे थेट घरावर येऊन पडला. हा तर संत माणिकप्रभूंचा मुलूख. आकाशातून काही उतरलं तर लोक आधी प्रसादच समजतील. पण त्या सामानासोबत चिठ्ठी होती. कुणाचं आहे, कुठून आलंय, सगळं व्यवस्थित, कन्नडमध्ये. पोलीस आले, हैदराबादला फोन गेला, प्रश्न मिटला.

ही बातमी मी आत्याला मोठ्या उत्साहाने वाचून दाखवली. वरून आलेल्या वस्तूने स्वतःच मूळ गाव लिहून आणलं, जिवाणूंनी एवढं केलं असतं तर चार वर्षं वाचली असती, वगैरे. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

“ते ठीक आहे,” ती म्हणाली. “पण चिठ्ठी नुसती कन्नडमध्येच का? हुमनाबादला आपली घरं काय कमी आहेत?”